कलंडलेला चौरस

वर्तुळाचं बरं असतं. मालवणी मूल तर वर्तुळातच वाढतं. घावणे गोल, तांदळाची भाकरी गोल, सोलकढीची वाटी गोल, आजीच्या कपाळावरचं कुंकू गोल. सावंतवाडीचा गंजिफा घेतला तरी त्याचे पत्ते गोल. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात आणि त्यातल्या एकालाही कोपरा नसतो. वर्तुळ उभं धरा, आडवं धरा, उलटं टांगा, ते आपलं वर्तुळच राहतं. त्रिकोणाचंही फारसं अडत नाही. होडीचं शीड दाखवलं, एसटी स्टँडवरचा सामोसा दाखवला, की पोरं त्रिकोण ओळखतात आणि सामोसा मागतात.

खरी भानगड चार बाजूंची. चार बाजूंच्या आकृत्यांचं घराणं म्हणजे कोकणातला सामायिक सातबारा आहे. चौरसाचं नाव आयताच्या उताऱ्यावर लागलेलं आहे आणि समभुज चौकोनाच्या उताऱ्यावरही लागलेलं आहे. आयत आणि समभुज हे दोघे समांतरभुज चौकोनाच्या जमिनीत हिस्सेदार. समलंब चौकोन वेगळा निघाला म्हणतात, पण तो खरंच वेगळा निघाला की अजून एकत्रातच आहे, यावर जगातल्या पाठ्यपुस्तकांचं एकमत झालेलं नाही. पतंग कुणाच्या बाजूचा, हे तर भर गावात विचारूच नये. ही वाटणी आपल्याकडे आठवीच्या गणितात येते आणि मिसरूड फुटू लागलेली मुलंही तिथे घाम पुसतात. आणि आपण चार वर्षांच्या पोरासमोर पुठ्ठ्याचे तुकडे ओतून म्हणतो, ‘आकाराप्रमाणे वेगळे कर हां बाळा.’ तलाठ्याला जे जमलेलं नाही, ते बाळाने दुपारच्या खिचडीच्या आत करायचं.

मालवणजवळच्या एका वाडीत आमची अंगणवाडी आहे. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे माड. मी निवृत्त माणूस, शेजारीच राहतो, आणि गोष्टी सांगणारे आजोबा या बिनपगारी हुद्द्यावर तिथे जाऊन बसतो. आंगणेवाडीची जत्रा आमच्याच तालुक्यात भरते. त्यामुळे ‘मी हल्ली अंगणवाडीत असतो’ असं फोनवर सांगितलं की मुंबईचे नातेवाईक ‘आमचाही नमस्कार सांगा देवीला’ म्हणतात. मी सांगतो. देवीही समजून घेत असेल.

महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांसाठी काढलेल्या एका अभ्यासक्रमाचं नावच मुळी ‘आकार’, त्यामुळे आकारांपासून सुटका नाही. मात्र आमच्या सेविकाबाई मनाने ताराबाई मोडकांच्या. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं, हा त्यांचा आणि अनुताई वाघांचा साधा हिशेब. माँटेसरीबाईंची साधनं सुंदर, पण खेड्याला न परवडणारी. तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांनी साधनं केली. माँटेसरीच्या कपाटाच्या खणांत तासून गुळगुळीत केलेले लाकडी चौकोन असतात म्हणे. आमच्या बाईंकडे आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा आहे आणि एक कात्री, जी फक्त बाईंनाच वश आहे.

तर बाईंनी खळ्यात खडूने चार गोल काढले (चौकोन शिकवायलाही शेवटी गोलच धावून आला) आणि पुठ्ठ्याचे तुकडे मधोमध ओतले. पहिला गोल चौरसांचा, दुसरा आयतांचा, तिसरा तिरक्या चौकोनांचा, चौथा ‘इतर’. ‘इतर’ हा रकाना सरकारी कामात सुटत नाही. पोरांनी झडप घातली. थोड्या वेळाने पाहतो तर वर्गीकरण अगदी व्यवस्थित झालेलं. फक्त ते चौकोनांचं नव्हतं. एका गोलात आंब्याचं चित्र असलेले सगळे तुकडे. दुसऱ्यात कोरे. तिसऱ्यावर एका चेडवाने, म्हणजे पोरीने, ताबा घेतला होता. ‘हे माझे’ एवढाच तिचा निकष. अभ्यासक्रमात तो नसला तरी जगाचे बहुतेक व्यवहार त्याच निकषावर चालतात. चौथ्या गोलात एक झील, म्हणजे पोरगा, स्वतःच मांडी घालून बसला होता. ‘इतर’ म्हटल्यावर त्याला ते आपल्यासाठीच वाटलं असावं.

बाई खचल्या नाहीत. त्यांनी एकेकाला कोपऱ्यावर बोट ठेवायला लावलं. टोचलं तर कोपरा. चार वेळा टोचलं तर चौकोन. ही व्याख्या मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त आवडली, कारण ती तपासायला डोळे उघडे लागत नाहीत. मग बाईंनी एक चौरस उचलून समोर धरला.

‘ह्यो कोण?’

‘चौऽरस!’ सगळा वर्ग.

बाईंनी तोच तुकडा हातातल्या हातात जरासा फिरवला. आता एक टोक वर, एक खाली.

‘आता?’

‘शंऽकरपाळो!’

‘अरे, पण पुठ्ठो तोच मा?’

‘तोच.’

‘मगे?’

पुढे बसलेला, नाकाचा आणि हाताच्या बाहीचा कायमचा संबंध जोडून घेतलेला एक झील होता. तो जगाची समजूत घालावी तसा म्हणाला, ‘बाईनू, तुमी तेका कलंडवलात.’

मी गोष्ट सांगायला आलो होतो, ती विसरलो. कारण किनाऱ्यावरच्या पोराचं हे म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. उभी ती होडी, कलंडली की धावाधाव. ‘घाबरू नका, होडी तीच आहे, फक्त जरा फिरली आहे,’ असं त्या वेळी बंदरावर जाऊन कुणी सांगून बघावं.

हॉलंडमध्ये पियरे व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डॉफ हे दोघे शिक्षक नवराबायको होते. वर्गातली मुलं भूमितीत नेमकी कुठे अडतात, यावर दोघांनी १९५७ साली उत्रेख्तला प्रबंध दिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मूल आधी आकाराचा चेहरा ओळखतं, शेजारच्या काकूंना ओळखतं तसा. काकूंच्या बाजू किती, कोन किती, हे ते मोजत नाही. बाजू-कोन मोजणं ही पुढची पायरी, आणि चौरस हासुद्धा एक आयतच आहे हे पटणं ही त्याच्याही पुढची. गंमत म्हणजे या पायऱ्या नुसत्या वय वाढल्याने चढता येत नाहीत, कुणीतरी नीट चढवावं लागतं. हे वाचल्यावर मी वयाने वाढलेली माणसं तपासायला निघालो.

मालवणात भरडावरच्या एका टपरीवर चहा घेता घेता मी सहज विचारलं, ‘चौरस हा आयत असतो का हो?’ बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, ‘छे! चौरस तो चौरस, आयत तो आयत. मग दोन नावं कशाला ठेवली?’ बांधकामखात्यात हयात गेलेले दुसरे म्हणाले, ‘असतो. पण बिलात वेगळा दाखवावा लागतो.’ तिसऱ्यांनी ‘यात राजकारण आहे’ असं म्हणून पेपर उघडला. टपरीवाला म्हणाला, ‘आयत असो नायतर चौरस असो, तीन चाय झाले.’ चौघांत एकट्याचंच उत्तर निर्विवाद होतं.

मात्र निवृत्त बँकरांना हसण्याआधी जरा थांबावं, कारण त्यांच्या पाठीशी खुद्द युक्लिड आहे. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात चौकोनांची वाटणी दिलेली आहे. ज्याच्या चारही बाजू सारख्या आणि कोन काटकोन तो चौरस, आणि आयत म्हणजे ज्याचे कोन काटकोन आहेत पण बाजू सारख्या नाहीत तो. म्हणजे युक्लिडच्या सातबाऱ्यावर चौरसाचं नाव आयताच्या जमिनीत नाहीच. आजची पुस्तकं ते घालतात, आणि घालण्यात शहाणपण आहे, कारण मग आयताबद्दल सिद्ध केलेलं सगळं चौरसाला फुकटात मिळतं. पण दोन हजारांहून जास्त वर्षं ज्याचं पुस्तक जगाने घोकलं तो माणूस ज्या पायरीवर राहिला, त्याच पायरीवर अंगणवाडीतलं पोर उभं असेल तर त्याला लगेच ‘चूक’ म्हणायची घाई नको.

मराठी घराने तर ही वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. पाट आयत, चौरंग चौरस. पाटावर माणूस बसतो, चौरंगावर देव. देवाला चारही बाजू सारख्या लागतात, माणसाचं दोन-दोन सारख्या बाजूंवर भागतं. गणपतीत मूर्तीच्या वर टांगायची माटवी घ्या. लाकडी पट्ट्यांची आडवी-उभी चौकट, तिला आंब्याचे टाळे, सुपाऱ्या, नारळ, तवसं बांधलेली. त्या चौकटीतले लहान लहान चौकोन मोजत किती पिढ्यांची पोरं आरती संपायची वाट बघत उभी राहिली असतील. आरती लांबली की गणित पक्कं.

बाईंनी मग घरचा अभ्यास दिला. घरातल्या चार बाजूंच्या वस्तू आणा, नाहीतर नाव सांगा. दुसऱ्या दिवशी खळ्यात जे जमलं ते कुठल्याही संग्रहालयात बघायला मिळणार नाही. रेशनकार्ड आलं (मागोमाग ते परत न्यायला आई आली). मीठमसाल्याचे डाग पडलेलं कालनिर्णयचं जुनं पान आलं. एकाने बापसाचा मोबाइल आणला, त्यावरून वाद पेटला, कारण त्याचे कोपरे गोलसर. ‘टोचना नाय,’ असा निकाल देऊन पोरांनी तो ‘इतर’मध्ये टाकला आणि बाईंनी कपाळाला हात लावून तो तिथून उचलला. एका आईने फणसपोळीचा सुरेख आयत कागदात गुंडाळून दिला होता. वाटेत एका कोपऱ्याला दात लागल्यामुळे वर्गात पोचेपर्यंत त्याचा समलंब झालेला. परत नेताना त्याचा त्रिकोण झाला असावा.

आणि एक पोर रिकाम्या हाताने येऊन म्हणालं, ‘वागळी!’

वागळी म्हणजे पाकट मासा. मालवणच्या बाजारात ओट्यावर पालथी पसरलेली वागळी एकदा नीट बघावी. दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, पुढे टोकेरी तोंड, अंग जवळपास शंकरपाळीच्या आकाराचं आणि मागे चाबकासारखी लांब शेपटी. भूमितीत पतंग नावाचा चौकोन आहे, त्याचं चित्र काढताना पुस्तकवाले शेपटी गाळतात. वागळी गाळत नाही. बाईंनी त्या पोराची पाठ थोपटली आणि ‘उद्या आणू नकोस हां’ असंही लगेच सांगितलं. चौकोन झाला तरी वासाला कोपरे नसतात.

एवढ्यात एक चेडू उभं राहिलं. हिचा आजा गवंडी. तिने बाईंनी कापलेला चौरस उचलला, शेजारच्या पाटाच्या कोपऱ्याला लावला आणि जाहीर केलं, ‘बाईनू, ह्यो गुण्यात नाय.’

बाईंनी पाहिलं, मी पाहिलं. पुठ्ठ्याचा कोपरा आणि पाटाचा कोपरा यांच्यात उजेडाची बारीक पाचर दिसत होती. गुण्या म्हणजे मिस्त्रीकडचा लोखंडी काटकोन. ज्या पोरीने तो खेळण्यासारखा हाताळलेला, तिला काटकोन शिकवायचा नव्हताच. तिच्याकडून शिकायचा होता. त्या दिवसापासून पुठ्ठे कापले की आधी तिच्याकडे तपासणीला जातात आणि ती बऱ्यापैकी कडक आहे.

गुण्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या घराचं सांगायला हवं. घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याच्या चिऱ्याचं. चिरा हा आमच्याकडचा सर्वांत प्रामाणिक आयत. खाणीतून कापून येतो तेव्हाच त्याच्या मनात कुठलाही किंतु नसतो. पण प्रामाणिक चिऱ्यांचं सरळ घर होतंच असं नाही, हे मला लादी बसवायला मिस्त्री आला तेव्हा कळलं. पहिल्या भिंतीपाशी अख्खी लादी बसली. समोरच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत एका टोकाला चार बोटं उरली आणि दुसऱ्या टोकाला वीतभर. मी म्हणालो, ‘लादी वाकडी आहे वाटतं.’ मिस्त्रीने उत्तर न देता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी ताणली, मग दुसऱ्या जोडीची ताणली, दोन्ही शेजारी धरून मला दाखवल्या. फरक डोळ्यांत भरणारा होता. ‘लादी सरळ आसा,’ तो म्हणाला. ‘तुमचा घर वाकडा आसा.’ समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि दोन्ही तिरप्या दोऱ्याही सारख्या, तर खोली गुण्यात. शाळेत हाच नियम उलट बाजूने, ‘आयताचे कर्ण एकरूप असतात’ म्हणून मी पाठ केला होता, पण तेव्हा त्याची किंमत दोन गुण होती. मिस्त्रीच्या हातात तो रोजगार आहे. आमच्या माजघरात तीन पिढ्या जन्मल्या, लग्नं झाली, भांडणं झाली, आणि ही सगळी माणसं एका समलंब चौकोनात वावरत होती याचा कुणाला पत्ता नव्हता.

शंकरपाळीकडेही मी आता आदराने बघतो. पोळी लाटली गोल. त्यावर कातण्याने आधी समांतर पट्ट्या ओढायच्या, मग तिरक्या. आतले सगळे तुकडे तिरके चौकोन. पण पोळी गोल असल्याने कडेला जे निघतं त्याला भूमितीत नाव नाही: दोन बाजू सरळ, एक वाकडी, एक कोपरा गायब. हे कडेचे तुकडे तळताना पोरांच्या हक्काचे. बाईंनी दिवाळीनंतर ताटभर शंकरपाळ्या वर्गीकरणासाठी आणल्या होत्या. त्यात समभुज किती, नुसत्याच समांतरभुज किती, हे वेगळं करायचं होतं. वर्गीकरण झालं ते ‘होत्या’ आणि ‘नाहीत’ असं.

खाण्याच्या वस्तूंचा धडा घेतल्यावर बाईंनी न खाता येणाऱ्या साधनाकडे मोर्चा वळवला. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून देशभरच्या मुलांना भूमिती हातात धरायला दिली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञानकेंद्रात त्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचा ढीग उभा केला आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाईंनी आगकाड्यांऐवजी माडाचे हीर घेतले. माड असताना काड्यापेटीला कोण पैसे घालणार? हिराचे सारखे तुकडे, जोडायला नळीचे इवलेसे तुकडे. तीन हिरांचा त्रिकोण केला, तो दाबला तरी हलेना. चार हिरांचा चौरस केला आणि पोरांच्या हातात दिला.

तो एका क्षणात चौरस राहिला नाही. कुणी या कोपऱ्याला धरून ओढला, कुणी त्या. तो आडवा पसरला, उभा लांबला, शेवटी अगदी चपटा होऊन चारही हीर एकमेकांना चिकटले. बाजू चार, चारही सारख्या, एक हीर तुटला नाही की लांबला नाही, आणि तरी आत धरलेली जागा पार नाहीशी. पोरं खिदळत होती. आमचा नाक-बाहीवाला झील मात्र हातातला चौकोन पुन:पुन्हा ओढून मिटवत होता, उघडत होता. मग म्हणाला, ‘आज्याची जाळी.’

त्याचा आजा आता समुद्रावर जात नाही. माडाच्या सावलीत बसून जाळी दुरुस्त करतो. संध्याकाळी मी तिकडे गेलो आणि नातवाचं वाक्य सांगितलं. आजा हसला नाही. त्याने मांडीवरच्या जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. ‘धरा.’ जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. प्रत्येक आस चार गाठींचा, चार सारख्या दोऱ्यांचा, हातात सैल धरला की चांगला ऐसपैस. आज्याने दुसरं टोक पकडून आपल्याकडे खेचलं. सगळ्या जाळ्यातले आस एकदम मिटले. जिथे माझी दोन बोटं सहज जात होती तिथे आता करंगळीचं नखही शिरेना.

‘ओढल्यार आस मिटता,’ आजा म्हणाला. ‘मगे बारको मासो खयसून जातलो?’

ट्रॉलरच्या जाळ्यात नेमकं हेच होतं. जाळं बोटीमागे फरफटत असतं, शेवटी पिशवी असते, मासळी तिथे गोळा होते. ओढ लांबीच्या दिशेने, म्हणजे शंकरपाळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. त्यामुळे आस चपटे होतात आणि ज्यांना निसटून पुढच्या वर्षी मोठं होऊन यायचं होतं ती पिल्लंही आतच अडकतात. यावरचा उपाय काय, तर तीच जाळी, तोच दोरा, तोच आस, फक्त अर्धा काटकोन फिरवून लावायचा. मग दोन दोरे ओढीच्या दिशेने सरळ राहतात, दोन आडवे, आणि कितीही खेचलं तरी भोक उघडं राहतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने अशा चौकोनी आसाच्या पिशव्यांवर काम केलेलं आहे. मागच्या दशकात आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर केंद्र सरकार, राज्य सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांचा सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालला, त्यात ट्रॉलरवाल्यांना ४० मिलिमीटरचा चौकोनी आस वापरायला शिकवलं गेलं.

आज्याने तोही तुकडा काढून दाखवला. ओढला, भोकं जशीच्या तशी. ‘ह्यो मिटना नाय. बारक्याक वाट गावता.’ मग जरा थांबून, ‘पण मोठ्याकय कदी कदी गावता, ता सांगूक नाय त्येंनी.’

पुठ्ठ्याच्या चौरसाबद्दल पुस्तकाचं म्हणणं बरोबर आहे. तो कसाही फिरवा, चौरस तो चौरस. पण पुठ्ठा ताठ असतो, त्याला कुणी ओढत नाही. ज्या पोराने आयुष्यात पुठ्ठ्याआधी जाळं पाहिलं, त्याला टोकावर उभा केलेला चौकोन वेगळाच वाटणार, आणि तो वेगळाच वागतो. ‘तुमी तेका कलंडवलात’ हे वाक्य मात्स्यिकी संस्थेच्या अहवालात शोभलं असतं. अहवालात ते सात पानांचं झालं असतं, एवढाच फरक.

आणि या पोराला पाठिंबा द्यायला आपल्याकडे युक्लिडपेक्षाही जवळचा माणूस आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. म्हणजे आपल्याच माणसांत मोडतात. ते म्हणतात, नुसत्या चार बाजू सांगितल्या म्हणून चौकोन ठरत नाही. त्याच बाजूंचे किती तरी वेगवेगळे चौकोन होतात. लंब किंवा कर्ण न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटलं आहे, आणि जो उत्तर द्यायला बसतो तो त्याहून मोठा पिशाच. मालवणात पिशाचांचा तुटवडा नाही. पिंपळावर मुंजा, पाणवठ्यावर गिरो, तिठ्यावर आणखी कुणीकुणी, अमावास्येला तर सगळेच. पण कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच आमच्या यादीत नव्हता. परीक्षेच्या पेपरांत त्याचा वावर असतो, हे मात्र आता मागचं आठवून कळतं.

गेल्या आठवड्यात मुख्यसेविका तपासणीला आल्या. त्या पंचक्रोशीतल्या नव्हेत. स्वच्छ पुणेरी मराठी, हातात रजिस्टर आणि त्यात प्रत्येक मुलापुढे ‘आकार ओळखतो’ असा रकाना. त्यांनी पिशवीतून छापील कार्ड काढलं. कार्डावर चौरस, नेमका टोकावर उभा केलेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

‘सांगा बरं बाळांनो, हा कोणता आकार?’

कुणीही ‘शंकरपाळो’ म्हणालं नाही. कुणी ‘चौरस’ही म्हणालं नाही. वर्गात असली शांतता मी खिचडीच्या वेळीही पाहिलेली नाही. शेवटी आमचा झील उठला, बाहीने नाक पुसलं, मुख्यसेविकांच्या अगदी जवळ गेला आणि कार्डाचे समोरासमोरचे दोन कोपरे दोन्ही हातांनी पकडले.

‘अरे, अरे, फाडशील!’

‘ओढून बघूक व्हया,’ तो म्हणाला, आणि ओढलं. कार्ड सरकारी होतं, मजबूत होतं. दुसरे दोन कोपरे धरून पुन्हा ओढलं. मग मागे वळून गवंड्याच्या नातीकडे पाहिलं. ती आली, तिने पाट ओढत आणला, कार्डावरच्या चित्राचा एक कोपरा पाटाच्या कोपऱ्याशी नेऊन, एक डोळा मिटून बघितला. आणि मान डोलावली.

‘हलना नाय,’ झील म्हणाला. ‘गुण्यात आसा. चौरस.’

मुख्यसेविकांनी पेन उघडलं, रजिस्टरकडे पाहिलं, आणि बाईंना हळूच विचारलं, ‘ओळखतो लिहू, की तपासतो?’

‘तपासतो’ला रकाना नव्हता. बाईंनी तो आखून दिला. पट्टी न वापरता आखल्यामुळे तो जरा समलंब झाला आहे.